क्ष म्हणजे काय? घरातल्या हिशोबाला विचारा

मे महिन्यातली गोष्ट. देवरूखच्या एस.टी. स्टँडवरून चिपळूणकडे जाणारी गाडी सुटली, तेव्हा आत उभे राहायलाही जागा नव्हती. आमच्या पुढच्या बाकांवर एक कुटुंब लग्नाला निघाले होते. आजी, मुलीचे आईवडील, काका, आठवीची परीक्षा दिलेली मुलगी आणि सात-आठ वर्षांचा तिचा भाऊ. आजीने कंबरेची पिशवी सोडून पाचशेची नोट दिली. कंडक्टरने सगळ्यांची तिकिटे एकदम काढली आणि एकशे ऐंशी रुपये परत केले. आजीच्या मनाला काही ते पटेना.

"पाचशेतले एकशे ऐंशीच परत दिलान. मानसाचं तिकीट हाय तरी किती?"

नात म्हणाली, "आजी, थांब. बाबा नि काका पूर्ण, म्हणजे दोन. तू, आई नि मी अर्धी, म्हणजे दीड. ह्याचं अर्धं. सगळी मिळून चार पूर्ण तिकिटं झाली. तीनशे वीसाला चारानं भागलं की ऐंशी. पूर्ण तिकीट ऐंशी नि अर्धं चाळीस. बरोबर दिलान त्यानं."

आजीचे समाधान झाले. आम्हाला मात्र कौतुक वाटले. आम्ही विचारले, "गणित आवडतं वाटतं?"

मुलगी लाजली. म्हणाली, "गणित बरं आहे, पण शाब्दिक उदाहरणं नाय जमत. समीकरण मांडायचं म्हटलं की काय लिहायचं तेच कळत नाय. परीक्षेत ती मी सोडूनच देते."

आम्ही तिला म्हणालो, "अगं, आत्ता जे केलंस ते समीकरणच होतं." तिला ते खरे वाटले नाही. संगमेश्वर येईपर्यंत आम्ही तिच्या वहीच्या पाठच्या पानावर तिचेच बोलणे लिहून दाखवले. त्या पानावर जे लिहिले, तेच आज आमच्या वाचक बंधू-भगिनींसाठी आणि विशेषतः आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी येथे देत आहोत. आकडे हिशोबाला सोपे जावेत असे घेतले आहेत.

बोलणे आणि मांडणे

महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते आधीपासूनच अर्धे होते. त्यामुळे एका कुटुंबाच्या प्रवासात पूर्ण आणि अर्धी अशी दोन्ही तिकिटे येतात. आजीचा प्रश्न होता, पूर्ण तिकीट किती? म्हणजे तेच आपल्याला माहीत नाही. जे माहीत नाही त्याला एक नाव द्यायचे. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत त्याला 'क्ष' म्हणत. आता पुस्तकांत इंग्रजी अक्षर छापतात. कोणतेही अक्षर घ्या, अर्थ तोच.

पूर्ण तिकीट = क्ष रुपये
दोन पुरुषांचे = २क्ष
तीन महिलांचे = १½क्ष
एका मुलाचे = ½क्ष
सगळे मिळून = ४क्ष

दुसरीकडे आपल्याला माहीत आहे की पैसे ३२० गेले. म्हणून,

४क्ष = ३२०
क्ष = ८०

मुलगी म्हणाली, "एवढंच?" हो, एवढेच. तिने जे तोंडाने केले, तेच कागदावर आले. फरक इतकाच की तोंडी हिशोब सोपा असला तर जमतो. त्यात आणखी दोन गोष्टी शिरल्या की डोके गोंधळते. कागदावरची मांडणी मात्र कितीही लांब हिशोब धरून ठेवते.

आमचे सांगणे असे की, आपल्या मुलांना बेरीज, वजाबाकी, भागाकार येत नाही म्हणून ती अडत नाहीत. मराठीत सांगितलेली हकिगत गणिताच्या भाषेत कशी लिहायची, हे कोणी शांतपणे बसून दाखवत नाही म्हणून अडतात. दहावीच्या गणित भाग १ चे जे पुस्तक २०१८ साली आले, त्यातला पहिलाच धडा 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हा आहे. त्या धड्यातली शाब्दिक उदाहरणे सोडून दिली की मूल सुरुवातीलाच मागे पडते. आणि पुढे संसारातही ते हिशोब दुसऱ्याच्या भरवशावर सोडत राहते.

तीन प्रश्न

आईवडील म्हणतात, "आम्ही चौथीपर्यंत शिकलो, आम्ही काय शिकवणार?" त्यांनी फक्त तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : आपल्याला काय माहीत नाही? हे बहुधा उदाहरणाच्या शेवटच्या वाक्यात असते. त्यालाच क्ष म्हणा. पण नुसते 'क्ष' लिहून थांबू नका. क्ष म्हणजे रुपये की दिवस, किलो की माणसे, ते शेजारी लिहा. 'समजा तिकीट क्ष' असे मोघम नको, 'समजा एका पूर्ण तिकिटाची किंमत क्ष रुपये' असे हवे.

दुसरा : काय काय माहीत आहे आणि त्याचे क्षशी नाते काय? येथे आपली रोजची मराठी कामाला येते. 'चाराने जास्त' म्हणजे क्ष + ४. 'चाराने कमी' म्हणजे क्ष − ४. 'दुप्पट' म्हणजे २क्ष. 'निम्मे' म्हणजे ½क्ष. 'पाऊण' म्हणजे ¾क्ष. 'मिळून' आले की बेरीज होते. 'कापून' आले की वजाबाकी होते. 'प्रत्येकी' आले की बहुधा गुणाकार होतो.

तिसरा : कशाची बरोबरी कशाशी? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक हकिगतीत एक जागा अशी असते की एकच रक्कम दोन वाटांनी सांगितलेली असते. सहा जणांच्या तिकिटांची बेरीज आणि कंडक्टरने घेतलेले पैसे ही रक्कम एकच आहे. त्या दोन वाटांच्या मध्ये '=' हे चिन्ह घातले की समीकरण झाले.

हे बरोबरीचे चिन्ह १५५७ साली वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या डॉक्टरने आपल्या पुस्तकात प्रथम छापले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा त्याने निवडल्या, कारण त्यांच्याहून अधिक समान अशा दोन वस्तू त्याला दिसल्या नाहीत. आपल्या मराठीत 'समीकरण' या शब्दातही 'सम' आहे, 'समता' या शब्दातही आहे. एका बाजूला जे केले तेच दुसऱ्या बाजूलाही करावे लागते, नाहीतर बरोबरी मोडते. एका बाजूचे तीन काढले तर दुसऱ्या बाजूचेही तीन काढा. एका बाजूला चाराने भागले तर दुसऱ्या बाजूलाही चाराने भागा. समीकरण सोडवण्याचे सगळे नियम या एका नियमातून निघतात.

मुकादमाच्या डायरीतले दिवस

आता एक कष्टाचा हिशोब. आमच्या ओळखीचे एक भाऊ जांभ्याच्या चिरेखाणीवर कामाला जात. रोज ४५० रुपये. हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी मुकादमाकडून ३,००० रुपये उचल घेतली होती. महिना संपल्यावर उचल कापून ७,८०० रुपये हातात आले. घरी आल्यावर त्यांना वाटले की पैसे कमी आहेत. पण किती कमी, का कमी, ते सांगता येईना. "मुकादम म्हणतो बरोबर आहे, तर असेल बरोबर," असे म्हणून ते गप्प बसणार होते.

त्यांचा मुलगा नववीत होता. त्याने बापाला विचारले, "मुकादमानं किती दिवस धरले, ते आपल्याला माहीत नाय ना? मग तेच क्ष."

रोज ४५० प्रमाणे क्ष दिवसांची मजुरी ४५०क्ष. त्यातून उचल ३,००० वजा. हातात ७,८००.

४५०क्ष − ३,००० = ७,८००
४५०क्ष = १०,८००
क्ष = २४

म्हणजे मुकादमाने २४ दिवस धरले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाईने रोज खूण केली होती. ती २६ भरली. दोन दिवसांची तफावत निघाली.

दुसऱ्या दिवशी भाऊ तो कागद आणि कॅलेंडर घेऊन गेले. भांडण केले नाही. "डायरीत २४ दिवस आहेत, आमच्याकडे २६ आहेत, कुठले दोन सुटले ते बघू," एवढेच म्हणाले. डायरी उघडली. अवकाळी पावसाने दोन दिवस दुपारनंतर काम बंद पडले होते. ते दोन्ही दिवस मुकादमाने धरलेच नव्हते. बोलणे झाले आणि दोन अर्धे मिळून एक दिवस धरायचे ठरले. ४५० रुपये मिळाले.

४५० रुपये मोठी रक्कम नव्हे, असे कोणी म्हणेल. ज्याच्या घरी त्या पैशांत आठवड्याचा बाजार येतो, त्याला विचारा. पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. 'पैसे कमी वाटतात' असे म्हणणाऱ्या माणसाला कोणीही उडवून लावतो. 'तुम्ही २४ दिवस धरलेत' असे म्हणणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

खोताचा अंदाज आणि कुळाचे भात

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना हे नव्याने सांगायला नको. खोतीच्या काळात कुळाने भाताचे अर्धे पीक खोताला द्यायचे, त्याला अर्धेल म्हणत. निम्मे निम्मे, ऐकायला सरळ वाटते. पण निम्मे कशाचे? पुष्कळ ठिकाणी उभ्या पिकाचा अंदाज खोताची माणसे बांधत आणि त्या अंदाजाचे निम्मे मागत.

समजा शेतात अंदाज धरला एक खंडी, म्हणजे २० मण. खळ्यावर झोडून भात निघाले १६ मण. खोताला गेले २० चे निम्मे, म्हणजे १० मण. कुळाच्या घरात राहिले ६. खऱ्या निम्म्याने ८ मण जायला हवे होते. जास्तीचे किती गेले ते क्ष.

८ + क्ष = १०
क्ष = २ मण

दोन मण भात जास्त गेले. वर्षानुवर्षे जात राहिले. आपल्या पणजोबांना खळ्यावर भात कमी पडले हे कळत होते. पण हिशोबाची वही खोताच्या घरी, लिहिणारा हात खोताचा आणि वाचणारे डोळेही त्याचेच. कोणाकडे बोट दाखवायचे ते कागदावर आणता येत नव्हते.

याच खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत विधेयक आणले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहून तो १९२३ साली लंडनमध्ये छापून आणणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाला, कुळाच्या पोटातले भात कुठल्या वाटेने जाते हे आकड्यांत मांडता येत होते.

फळ्यामागचे डबे

बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असतानाचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. गुरुजींनी भीमरावांना एक उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले. वर्गात एकदम गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. हा मुलगा फळ्याजवळ गेला तर डबे बाटतील, म्हणून मुले धावली आणि डबे भराभर बाजूला काढले. मग भीमराव फळ्यापर्यंत पोचले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

हा प्रसंग आपल्या मुलांना आम्ही मुद्दाम सांगतो. एका मुलाला गणित सोडवायला फळ्यापर्यंत जाण्यासाठी एवढे सोसावे लागले. आज फळा मोकळा आहे, खडू हातात आहे, आणि आपले मूल 'शाब्दिक उदाहरण मला जमत नाही' म्हणून मागच्या बाकावर मान खाली घालून बसते. त्याला रागावून उपयोग नाही. त्याच्याजवळ बसायला हवे.

ही विद्या आली कुठून?

पुष्कळांना वाटते, बीजगणित हे परीक्षेपुरते केलेले अवघड प्रकरण आहे. त्याचा इतिहास तसे सांगत नाही. सुमारे १,२०० वर्षांपूर्वी बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी या विद्वानाने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातल्या 'अल्-जब्र' या शब्दावरून इंग्रजीत या विषयाला अल्जेब्रा नाव पडले. वारसाची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी अशा लोकांच्या रोजच्या गरजांसाठी आपण हे लिहीत आहोत, असे त्याने म्हटले आहे.

आपल्या देशात ब्रह्मगुप्ताने ६२८ साली माहीत नसलेल्या संख्यांना वेगवेगळ्या रंगांची नावे दिली. काळा, निळा, पिवळा अशी. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात क्षच्या जागी 'यावत्तावत्' येते. त्याचा साधा अर्थ 'जितके असेल तितके'. पेशावरजवळ बक्षाली गावी १८८१ साली जमीन खणताना भूर्जपत्रांची एक जुनी गणिताची पोथी सापडली. तिच्यात माहीत नसलेल्या संख्येच्या जागी नुसते टिंब आहे. टिंब, रंग, 'जितके तितके' आणि क्ष, सगळ्यांचे काम एकच. अजून न कळलेल्या गोष्टीसाठी जागा राखून ठेवणे.

ही विद्या होती, पण संस्कृतात होती आणि थोड्या घरांत होती. पुण्यात १८४८ साली मुलींसाठी शाळा काढून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिचे दार आपल्यासाठी ढकलले. म्हणून क्ष ही कोणा एकाची मालमत्ता नाही.

एक सापळा

येथे एक सापळा आहे, तो मुलांना दाखवून ठेवावा. वाक्य असे आहे : 'वाडीत प्रत्येक घरामागे पाच माणसे आहेत.' घरांची संख्या घ आणि माणसांची संख्या म धरली, तर समीकरण काय?

पुष्कळ मुले वाक्याच्या ओघात ५म = घ असे लिहितात. आता आकडे घालून बघा. घरे १० असतील तर माणसे ५०. ५ × ५० = २५०, आणि घरे १०. जमले नाही. बरोबर समीकरण आहे म = ५घ. 'म' म्हणजे 'माणसे' हा शब्द नव्हे, माणसांची संख्या आहे. माणसे जास्त, म्हणून घरांच्या संख्येला पाचाने गुणल्यावर माणसांची संख्या येते.

ही चूक झाली म्हणून मुलाला 'ढ' म्हणू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९८० च्या सुमारास इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना असेच उदाहरण दिले होते. एक तृतीयांशाहून जास्त मुले चुकली आणि त्यांतल्या बहुतेकांनी हीच उलटी मांडणी केली होती. उपाय सोपा आहे. समीकरण लिहिले की मनाने सोपे आकडे घेऊन त्यात घालून बघायचे.

जयंतीची वर्गणी

आपल्या वाडीतले उदाहरण घेऊ. १४ एप्रिलच्या जयंतीला ६० घरांनी वर्गणी दिली. ज्या घरातले माणूस मुंबईला नोकरीला आहे त्या घराने ५००, बाकीच्यांनी २००. जमा झाले १८,००० रुपये. मुंबईकरांची घरे किती?

मुंबईकरांची घरे क्ष. मग बाकीची घरे किती? येथे मुले अडतात. एकूण ६०, त्यातली क्ष गेली, म्हणून ६० − क्ष.

५००क्ष + २००(६० − क्ष) = १८,०००
५००क्ष + १२,००० − २००क्ष = १८,०००
३००क्ष = ६,०००
क्ष = २०

मुंबईकरांची २० घरे, बाकीची ४०. आता ताळा करू. २० × ५०० = १०,००० आणि ४० × २०० = ८,०००. बेरीज १८,०००. जमले.

ताळा करताना नुसत्या समीकरणात आकडा घालू नका, मूळ हकिगतीत घाला. समीकरणच चुकीचे मांडले असेल तर चुकीचे उत्तरही त्यात चपखल बसेल. हकिगतीत मात्र ते बसणार नाही. परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. पुस्तकाच्या मागे छापलेल्या उत्तरालाही ते लागू आहे.

आता समजा, खजिनदाराच्या वहीत जमा १८,१०० निघाली. मग ३००क्ष = ६,१०० येते आणि क्ष होतो २० आणि एक तृतीयांश. एक तृतीयांश घर कुठे असते का? म्हणजे कोणीतरी ठरल्याहून वेगळी रक्कम दिली, नाहीतर पावती लिहिताना चूक झाली. कोणावर संशय घ्यायची गरज नाही. पावत्या पुन्हा लावल्या की चूक सापडते. वाडीतली कितीतरी भांडणे कागदावर हिशोब मांडला तर होणारच नाहीत.

'बिनव्याजी' हप्ते

दुकानात पाटी असते, 'बिनव्याजी हप्ते'. टीव्हीची रोखीची किंमत १२,००० रुपये. हप्त्याने घ्यायचा तर ३,००० आधी आणि मग दरमहा १,०५० चे दहा हप्ते. व्याज नाही म्हणतात, तर जास्तीचे किती जातात? तेच क्ष.

१२,००० + क्ष = ३,००० + १० × १,०५०
१२,००० + क्ष = १३,५००
क्ष = १,५००

खरे तर उधारी ९,००० चीच होती, आणि तिच्यावर १,५०० जास्त गेले. त्याला व्याज म्हणा, फी म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा, खिशातून ते जातातच. टीव्ही घेऊ नका असे आमचे म्हणणे नाही. सही करण्याआधी दुकानातच कागदाच्या तुकड्यावर या तीन ओळी लिहा, इतकेच म्हणणे आहे. घरातल्या नववी-दहावीच्या मुलीला बरोबर न्या. तिला लिहू द्या. तिचे गणितही पक्के होईल आणि घरात तिच्या शब्दाला वजनही येईल.

आज रात्री घरी

आता चार उदाहरणे देतो. जेवणे झाल्यावर टीव्ही अर्धा तास बंद ठेवा आणि सगळ्यांनी मिळून बसा. आईने किंवा आजीने उदाहरण मोठ्याने सांगावे, मुलांनी मांडावे. तीन प्रश्न विसरू नका.

१) आजीचे वय नातीच्या वयाच्या पाचपट आहे. दोघींच्या वयांची बेरीज ७८. दोघींची वये किती?

२) एका ताईने दोन दिवसांत मिळून २२ किलो काजूगर सोलले. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा ४ किलो जास्त सोलले. प्रत्येक दिवशी किती सोलले?

३) बचत गटातल्या १२ जणींनी सहा महिने दरमहा सारखीच रक्कम भरली. ४८० रुपये व्याज धरून एकूण १४,८८० रुपये झाले. प्रत्येकीची दरमहाची रक्कम किती?

४) दहावीसाठी : दोन नारळ आणि एक किलो तांदूळ मिळून १२० रुपये. एक नारळ आणि तीन किलो तांदूळ मिळून १८५ रुपये. नारळाचा आणि तांदळाचा भाव काय?

ती चारही झाली की पाचवे उदाहरण मुलांनीच तयार करावे. घरातल्याच हिशोबावर, घरातल्याच आकड्यांवर. ज्याला हकिगतीवरून समीकरण मांडता येते आणि समीकरणावरून हकिगत सांगता येते, त्याला हा धडा आला असे समजावे.

एस.टी.तली ती मुलगी उतरताना म्हणाली, "काका, शाळा सुरू झाली की सरांना फळ्यावर सोडवून दाखवीन." आम्ही म्हणालो, "जरूर दाखव बाय." आपल्या घरातल्या मुलीनेही तसे म्हणावे, म्हणून हा लेखनप्रपंच. जय भीम.

उत्तरे :
१) नात १३, आजी ६५. (क्ष + ५क्ष = ७८)
२) पहिल्या दिवशी ९ किलो, दुसऱ्या दिवशी १३ किलो. (क्ष + क्ष + ४ = २२)
३) २०० रुपये. (१२ × ६ × क्ष + ४८० = १४,८८०)
४) नारळ ३५ रुपये, तांदूळ किलोला ५० रुपये. (नारळ क्ष, तांदूळ य धरा. २क्ष + य = १२०, म्हणून य = १२० − २क्ष. हे दुसऱ्या समीकरणात, म्हणजे क्ष + ३य = १८५ यात घाला.)